रुंदीकरणात बसला मार्गिका हवी

सिंहस्थाच्या पार्श्वभूमीवर नाशिक शहरातील रस्ते रुंद करण्याच्या कामांचे वृत्त वाचले. रुंद झालेल्या रस्त्यावर बससाठी वेगळी जागा राखली नाही, तर तिथे आणखी मोटारी येतील आणि द्वारका चौकातील कोंडी तशीच राहील. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, पण मेट्रो अजून कागदावरच आहे. त्याच वर्षी सुरू झालेली सिटीलिंक ही शहर बससेवा मात्र रोज धावते आहे. तिला नाशिकरोड ते सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) या मार्गावर, निदान गर्दीच्या वेळी, स्वतंत्र मार्गिका द्यावी.

त्याबरोबर पदपथही हवेत. पुण्यात २००६मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी बससेवा, आली, पण थांब्यापर्यंत सुरक्षित पोहोचण्याचा प्रश्न नीट सुटला नाही. उपनगर किंवा जेलरोडच्या गल्लीतून निघालेली आजी रस्ता ओलांडायलाच घाबरत असेल, तर वातानुकूलित बसचाही तिला उपयोग नाही. सलग पदपथ, सावलीचा थांबा आणि रात्री पुरेसा उजेड असेल, तर आसपासच्या वस्तीतील मुले एकटी शाळेत जाऊ शकतील. महापालिकेने या कामांचे आराखडे अंतिम करण्यापूर्वी बसप्रवाशांचे म्हणणे ऐकावे.

– एक बसप्रवासी, नाशिकरोड