जाड फोटो पॅनेलवर एका बाजूने फिकी येणारी छपाई : हीट प्रेस बदलून मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
दि. 8 डिसेंबर

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या 38 × 38 सेंमी प्लेटीच्या, 1800 वॅटच्या क्लॅमशेल, म्हणजे जबड्यासारख्या मिटणाऱ्या, हीट प्रेसवर (कागदावरचा प्रिंट उष्णता आणि दाबाने पॅनेलवर उतरवणारं मशीन) 12 मिमी जाडीच्या एमडीएफ (लाकडी भुशाच्या बोर्डाच्या) पॅनेलची छपाई हँडलकडच्या बाजूला दरवेळी फिकी येते. मशीनच्या खोक्यावर ‘15 मिमीपर्यंतच्या पॅनेलसाठी’ असं ठळक छापलेलं आहे. आपल्या तंत्रज्ञांनी फोनवर आतापर्यंत तीन कारणं सांगितली : व्होल्टेज, ओल आणि कमी वेळ. तिन्ही तपासून झाली. (पॅनेलवरची संरक्षक फिल्म काढली होती का, हेही विचारलं गेलं. काढली होती. ती ठेवून दाबलं असतं तर छपाई एका बाजूलाच नाही, सगळीकडेच बिघडली असती.)

आधी व्होल्टेज. चण्या-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत डीपीवर पंपांचा भार येतो आणि संध्याकाळी इथे 180 व्होल्टच मिळतात, हे मान्य. 230 व्होल्टला 1800 वॅट देणारा हीटर 180 ला जेमतेम 1100 वॅट देतो. थंड, जाड पॅनेल ठेवलं की प्लेटीचं तापमान पडतं आणि लवकर सावरत नाही. म्हणूनच सगळ्या चाचण्या दुपारी, स्टॅबिलायझरवर 225 ते 230 व्होल्ट असताना आणि मशीन 20 मिनिटं तापवून केल्या. शिवाय व्होल्टेज कमी असेल तर अख्खं पॅनेल फिकं पडायला हवं. इथे एकच बाजू पडते.

ओलीचंही तसंच. एमडीएफ किंवा कागद ओला असेल तर वाफ धरते आणि मधेच कुठेही ढगासारखे डाग उठतात. त्यांना जागा ठरलेली नसते. तरीही पॅनेल कोरा कागद ठेवून 20 सेकंद हलक्या दाबाने कोरडं केलं, वाफ जाऊ दिली, मगच प्रिंट लावला. फरक शून्य.

आता मुख्य चाचणी. 30 × 30 सेंमीच्या पॅनेलवर सबंध काळा रंग आणि एक फोटो छापला. पॅनेल प्लेटीच्या मधोमध, चारही बाजूंनी 4 सेंमी जागा सोडून. कागद हीट टेपने पक्का. 200 अंश, 75 सेकंद. हँडलकडची साधारण 7 सेंमीची पट्टी राखाडी आली, बिजागरीकडे काळा दाट. दुसरं पॅनेल त्याच्या कागदासह अर्धा वळसा फिरवून ठेवलं. दोष प्रिंटरचा, शाईचा किंवा पॅनेलच्या कोटिंगचा असता तर फिकी पट्टी पॅनेलसोबत फिरून बिजागरीकडे गेली असती. ती हँडलकडेच राहिली. सात पॅनेलवर हेच.

मग प्रिंट न लावता पॅनेलच्या चार कोपऱ्यांवर साध्या कागदाच्या चार पट्ट्या ठेवून हँडल लॉक केलं आणि पट्ट्या ओढल्या. मागच्या, म्हणजे बिजागरीकडच्या, दोन्ही फाटल्या, पुढच्या, हँडलकडच्या, दोन्ही अलगद सरकून हातात आल्या. पुढच्या कडेला प्लेट आणि पॅनेलच्या मधून दुमडलेलं पोस्टकार्ड आत जातं. जबड्यासारखं मिटणारं हे मशीन टीशर्टच्या जाडीला समांतर बसतं. 12 मिमीचं पॅनेल आलं की वरची प्लेट आधी मागे टेकते आणि पुढे उचललेली राहते. सबलिमेशनची शाई वायू होऊन कोटिंगमध्ये शिरते. कागद घट्ट टेकलेला नसला की तो वायू फटीतून निघून जातो आणि कडा पसरट, दुहेरी दिसते. दाबाचा स्क्रू अजून आवळा, असंही सांगण्यात आलं. आवळला. पुढे काही बदललं नाही, मागे मात्र पॅनेलच्या कडेचं कोटिंग तडकलं.

वेळ 180 सेकंदांपर्यंत वाढवून पाहिली, त्याचा परिणाम सगळ्यात वाईट. तेरवीसाठी द्यायच्या एका फोटोत बिजागरीकडे आलेला फेटा लालचा विटकरी झाला, चेहऱ्यावर पिवळट झाक आली, आणि हँडलकडची काळी जाकीट तरीही राखाडीच. पॅनेलची मागची कड तपकिरी पडून ते वाकलं ते वेगळं. असा फोटो कोणाच्या हातात देणार?

तापमानातही खोट आहे. डिस्प्लेवर 200 असताना मल्टिमीटरच्या के-टाइप थर्मोकपलने प्लेटीखाली दाबून मोजलं : मध्ये 198, मागे 196, पुढच्या डाव्या कोपऱ्यात 181. पॅनेल मधोमध ठेवूनही त्याची पुढची डावी बाजू या थंड भागातच येते. सेन्सर मध्ये असल्याने डिस्प्लेला ते कळतच नाही.

आणि माहितीपत्रक. त्यात कागद खाली, पॅनेल वर पालथं ठेवायला सांगितलं आहे. एक मिमी अॅल्युमिनियमच्या पत्र्याला ते चालतं, कारण उष्णता पत्र्यातून पार जाते. 12 मिमी लाकडी भुशाच्या बोर्डातून 75 सेकंदांत ती कागदापर्यंत पोचणारच नाही. गरम प्लेट वर आहे, तर कागदही वरच हवा. आम्ही तसाच ठेवतो. नवीन माणूस माहितीपत्रकावर विसंबला तर पहिलंच पॅनेल वाया घालवेल.

आमची मागणी : हे मशीन परत घेऊन वरची प्लेट सरळ, समांतर खाली येणारं स्विंग-अवे मशीन द्यावं, किमतीतला रास्त फरक आम्ही भरू. ते शक्य नसेल तर 16,800 रुपये परत करावेत. दुसरं क्लॅमशेल पाठवू नये, तेही 12 मिमीला तसंच टेकेल. वाया गेलेल्या 14 पॅनेलचे, प्रत्येकी 260 प्रमाणे, 3,640 रुपये आणि नेण्या-आणण्याचं भाडं आपण द्यावं. खोक्यावरचा 15 मिमीचा दावाही काढावा.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवू आणि यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. मशीन धंद्यासाठी घेतलं म्हणून आम्ही ग्राहक नाही, असं उत्तर कृपया देऊ नये. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये धरलेली आहे, आणि तक्रारदार राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते.

बिल, वॉरंटी कार्ड, खोक्याचा फोटो आणि पट्ट्यांच्या चाचणीचा व्हिडिओ सोबत पाठवत आहे. फिरवून छापलेली दोन पॅनेलं मागे ‘हँडल’ आणि ‘बिजागरी’ असं पेनने लिहून जपून ठेवली आहेत. आपला माणूस आला की दाखवू. येताना त्याने 12 मिमीचं एक कोरं पॅनेल सोबत आणावं, आमच्याकडचं संपलं आहे.

आपला,
फोटो स्टुडिओ चालक