नऊशे चौरस मैलांचा फादर

प्रिय मित्रा,

तुमच्या वसईत एका चर्चची घंटा शेजारच्या धर्मग्रामात ऐकू जाते, म्हणून हे तुलाच लिहितोय. मी राहतो त्या न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराबाहेरचा नऊशे चौरस मैलांचा मुलूख १८३६ मध्ये एकट्या फादर जॉन न्यूमनकडे दिला होता. वय पंचवीस, जन्म बोहेमियातला (आजचं चेक प्रजासत्ताक), घरची भाषा जर्मन, वडील बव्हेरियाचे.

अमेरिकेला जायचं त्याच्या मनात होतंच. त्यात त्याच्या प्रांतात धर्मगुरू इतके झाले होते की त्याची गुरुदीक्षाच लांबणीवर पडली. गडी तसाच निघाला आणि खिशात एक डॉलर घेऊन न्यूयॉर्कला उतरला. इथे उलटी तऱ्हा: दोन लाख कॅथलिकांमागे छत्तीस धर्मगुरू! बिशपांनी महिन्याभरात दीक्षा दिली आणि त्याला नायगाराकडे धाडला.

तिथल्या विल्यम्सव्हिल गावाच्या चर्चला भिंती होत्या, छप्पर नव्हतं. पुढे त्यानं जवळच्या नॉर्थ बुश वस्तीत ओंडक्यांच्या घरात बिऱ्हाड केलं. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. घोड्यावर बसला की पाय रिकिबीत पोचायचे नाहीत. तशातच जंगल-दलदल तुडवत शेतकऱ्यांच्या वस्त्या गाठायच्या, मिस्सा म्हणजे चर्चची उपासना करायची, आजाऱ्यांना भेटायचं, पोरांना शिकवायचं. घरी चूल क्वचितच पेटायची, पाव-पाण्यावर भागायचं. लोक हे कौतुकानं सांगतात. मला मात्र त्याचा रागच येतो. ईरी तलावावरून वारा सुटला की इथे दाराची कडी हाताला चिकटते रे!

१८३९ मध्ये भाऊ वेन्झल मदतीला आला, तरी पुढच्याच वर्षी न्यूमननं अंथरूण धरलं ते तीन महिने. उठला आणि त्यानं रिडेम्प्टोरिस्ट या एकत्र राहणाऱ्या कॅथलिक व्रतस्थांच्या संघात जायचं ठरवलं. वेन्झलही गेला. मला वाटतं, त्याला खरी उणीव होती ती चार माणसांत राहण्याची. नऊशे मैल सांभाळणाऱ्याला संध्याकाळी बोलायला कुणी नको?

पुढे १८५२ मध्ये तो फिलाडेल्फियाचा बिशप झाला, धर्मग्रामांच्या शाळांची रांग लावली. आयरिश लोकांची पापनिवेदनं ऐकता यावीत म्हणून त्यांची भाषाही शिकला. जानेवारी १८६० मध्ये भर रस्त्यात कोसळून गेला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. १९७७ मध्ये संत झाला.

नॉर्थ बुश आता केनमोरकडच्या वस्तीत मुरून गेलंय. उन्हाळ्यात ये, तिकडे चक्कर मारू. घरी सगळ्यांना नमस्कार, आईंना खास.

तुझाच,
बफेलोकर