खांदा दुखतोय? आधी हे वाचा

मंडळी, या आठवड्यात जिममधल्या तिघांनी खांदा धरून विचारलं की बेंच प्रेस (आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं) मारू का नको, म्हणून एकदाच सगळ्यांसाठी लिहितोय. नको. निदान जिथे टोचतं ती मूव्हमेंट तरी नको, बाकी लेग, कोअर (पोट-कंबर) चालू ठेवा, घरी बसायची गरज नाही.

खांद्याचा सांधा म्हणजे मोठा गोळा आणि उथळ वाटी, त्याला जागेवर धरतात रोटेटर कफचे ४ छोटे स्नायू, आणि आपण रोज चेस्ट-शोल्डर मारतो पण पाठीकडे बघत नाही (आरशात दिसत नाही ना!) मग बॅलन्स बिघडतो. बेंचला कोपर शरीरापासून पार ९० अंशात बाहेर फेकू नका, साधारण ४५ ते ६० ठेवा, खांद्याची पाती मागे घट्ट. मानेमागून प्रेस (बार मानेमागून वर ढकलणं) आणि हनुवटीपर्यंत अपराइट रो (उभं राहून बार वर ओढणं) सध्या बंद. रबर बँडने एक्स्टर्नल रोटेशन (कोपर कुशीला ठेवून हात बाहेर फिरवणं), फेस पुल (चेहऱ्याकडे ओढणं) हलक्या वजनात १५-१५ चे २-३ सेट, दुखलं तर तेही थांबवा.

पेनकिलर खाऊन सेट मारणारे, तुम्हाला काय बोलू.

रात्री दुखण्याने जाग येते, हात वर जात नाही, मुंग्या येतात किंवा 'कट्' आवाज होऊन ताकद गेली तर मालिशवाल्याकडे नाही, सरळ ऑर्थोकडे (हाडांच्या डॉक्टरकडे) जा. आणि खांद्यासोबत छातीत दाब, घाम, दम लागला तर ते मसल पेन समजू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

बँड काउंटरपाशी टांगलेत, वापरून परत तिथेच ठेवा.