चित्रांचं पुस्तक बघताना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

चित्रकलेचं पुस्तक पाठवलंय. नवी बांधणी कडक असते, एकदम मधोमध उघडलं तर कणा मोडतो आणि पानं सुटायला लागतात. म्हणून कणा टेबलावर टेकवून आधी दोन्ही पुठ्ठे आडवे करा. मग पुढची आठ-दहा पानं, मागची आठ-दहा, असं आळीपाळीने हलकं दाबत मध्यापर्यंत या. बाबा, मांडीवर घेऊ नका, जड आहे. कागद चकचकीत आहे, तेव्हा दिवा डोक्यावर नको, बाजूला हवा.

आई, मजकूर आधी वाचू नकोस. दोन-तीन मिनिटं नुसतं चित्र बघ. मग खालची मापं बघा; आधी उंची, मग रुंदी असते. लोक नेमकी हीच ओळ सोडतात. पिकासोचं ‘गेर्निका’ ३४९ × ७७६ सेंमी, म्हणजे साडेपंचवीस फूट लांब. डच चित्रकार व्हर्मीरची दूध ओतणारी बाई ४५.५ × ४१ सेंमी, जेमतेम दीड फूट उंच. पुस्तकात दोन्ही चित्रं मावतात आणि सारखीच वाटतात. टेप घेऊन व्हर्मीरचं माप जुन्या वर्तमानपत्रावर आखून भिंतीला लावा, लगेच कळेल. ‘गेर्निका’ दोन पानांवर आहे, पण घोड्याचं अंग शिवणीत जातं. तिथे पान ताणू नका.

व्हर्मीरपाशी मात्र रेंगाळा. बाईच्या मागच्या भिंतीत खिळा आहे, त्याची सावली आहे, उपटलेल्या खिळ्यांची भोकंही आहेत. पावावर उजेडाचे बारीक ठिपके दिलेत. भिंग दोन-तीनपट पुरे. जास्त ताकदीचं घेतलंत तर छपाईचेच निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके दिसतील. ॲप्रनच्या निळ्यावरून मत बनवू नका. तो लाजवर्द दगडाचा रंग, छपाईच्या चार शायांना तो जमत नाही.

आणि ती भिंत मुळात इतकी मोकळी नव्हती. डोक्यामागे सुरया टांगायची फळी रंगवायला घेतली होती, ती व्हर्मीरनेच झाकून टाकली. इन्फ्रारेड तपासणीत दिसलेली ही गोष्ट ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये जाहीर केली. माझ्या मते चित्र तिथेच जमलं.

बघून झालं की पुस्तक आडवंच ठेवा. उभं ठेवलं तर पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने पुठ्ठ्यातून निखळतो.

तुमची,
चिंगी