पशुवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत जनावर कुठे आहे? पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पशुवैद्यकीय पदवी अभ्यासक्रमाच्या राज्य कोट्यातील निवडपद्धतीबाबत

माननीय मंत्री महोदया,

मी लातूर जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात अन्नोत्पादनवाढीचे एक प्रकरण आहे आणि त्यात पशुसंवर्धनाचा भाग येतो. तो शिकवायला घेतला की वर्गातून हमखास प्रश्न येतो, ‘सर, हे नीटला आहे का?’ याचे उत्तर मला ‘नाही’ असे द्यावे लागते, कारण २०२४ पासून लागू झालेल्या नीटच्या सुधारित अभ्यासक्रमातून हे प्रकरण वगळण्यात आले आहे. पचन आणि शोषण हे प्रकरणही त्याच वेळी वगळले गेले. मुले मग वह्या मिटतात, आणि वर्षभराचा प्रत्येक तास मोजून वापरणाऱ्या मुलांना त्याबद्दल दोष देणे मला योग्य वाटत नाही.

वैद्यकीय प्रवेशापुरता हा निर्णय कदाचित समर्थनीय असेल. परंतु महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील पशुवैद्यकीय पदवीचे प्रवेशही याच परीक्षेच्या गुणांवर होतात, आणि तेथे तो अत्यंत विचित्र ठरतो. गायीगुरांवर उपचार करण्यासाठी साडेपाच वर्षांचे शिक्षण घेऊ इच्छिणारा विद्यार्थी पशुसंवर्धनाची एक ओळही न वाचता गुणवत्ता यादीत पहिला येऊ शकतो, आणि ज्याच्या हातून पुढे पोटफुगीच्या शेकडो केसेस जायच्या आहेत त्याला अन्न पचते कसे, हेदेखील प्रवेशापूर्वी कोणी विचारलेले नसते. १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा अशी ही परीक्षा स्मरण, वेग आणि सराव यांची कसोटी उत्तम घेते. जनावराजवळ जाण्याची तयारी तिला मोजता येत नाही, आणि ते मोजण्यासाठी ती घडवलेलीही नाही.

याचा परिणाम मी जवळून पाहतो. आमच्या जिल्ह्यात नीटच्या तयारीची मोठी व्यवस्था उभी आहे. शिकवणीची फी, खोलीचे भाडे, खानावळ आणि गरज पडल्यास रिपीटर बॅचचे आणखी एक वर्ष एवढा खर्च ज्या घराला झेपतो, त्या घरातील मूल टिकते. एमबीबीएसची जागा थोड्या गुणांनी हुकली की दंतवैद्यक, आयुर्वेद आणि पशुवैद्यक असे अर्ज ओळीने भरले जातात. त्यांतले काही जण पुढे मनापासून रमतात आणि चांगले पशुवैद्य होतात, हे मी आवर्जून नोंदवतो. पण पुढच्या फेरीत दुसरीकडे नंबर लागताच पशुवैद्यकाची जागा सोडून जाणारेही माझ्याच विद्यार्थ्यांत आहेत. उलट देवणी गायींच्या गोठ्यात वाढलेली, गाय माजावर आलेली घरात सर्वांत आधी ओळखणारी आणि पशुवैद्यकच व्हायचे असे दहावीपासून सांगणारी मुलगी भौतिकशास्त्रातल्या मोजक्या गुणांनी यादीबाहेर राहते. देवणी जातीचे माहेर असलेल्या उदगीरलाच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि अशा मुलीला त्याचे दार बंद असते.

विसाव्या पशुगणनेनुसार राज्यात ३ कोटी ३० लाखांच्या आसपास पशुधन आहे. दर ५,००० पशुधन एककांमागे (लहानमोठी जनावरे एकाच मापात आणून केलेली मोजणी) एक पशुवैद्य असावा, अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ सालीच केली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी चर्मरोग दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला, तेव्हा गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचणाऱ्या माणसांची किंमत सर्वांना कळली. रात्री अडलेल्या गायीसाठी चिखलातून जाणारा डॉक्टर प्रवेशाच्या वेळीच ओळखता येईल असा माझा दावा नाही. परंतु ज्या निवडीत त्या कामाचा मागमूसही नाही, ती निवड त्या कामासाठी पुरेशी मानता येणार नाही.

यात राज्याला करण्यासारखे बरेच आहे. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागा सोडल्या तर उरलेल्या ८५ टक्के जागांची निवड राज्यपातळीवर होते. तामिळनाडू या जागा बारावीच्या गुणांवर भरत आले आहे, आणि कर्नाटकात शेतकरी कुटुंबांतील मुलांच्या कोट्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा घेण्याची पद्धत आहे. तामिळनाडूची पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणणार नाही, कारण बारावीचे गुण किती सैल हाताने दिले जातात हे शिक्षक म्हणून मला माहीत आहे. कर्नाटकाची वाट मात्र आपल्याला जवळची आहे.

माझी विनंती अशी आहे की, नीट ही पात्रता परीक्षा म्हणून कायम ठेवून राज्य कोट्यातील निदान एक चतुर्थांश जागांसाठी नीटच्या गुणांना प्रात्यक्षिक चाचणीच्या गुणांची जोड द्यावी. जनावराला न बिचकवता जवळ जाणे आणि धरणे, दातांवरून वयाचा अंदाज करणे, लाल कंधारी, पंढरपुरी, उस्मानाबादी अशा आपल्या जाती ओळखणे, रवंथ थांबलेले जनावर लक्षात येणे एवढी साधी चाचणी पुरे आहे. या जागा केवळ सातबारा पाहून देऊ नयेत. सातबाऱ्यावर नाव असलेल्या अनेकांनी गोठ्यात पाऊल ठेवलेले नसते, आणि शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या नावावर गुंठाभरही जमीन नसते. पांजरपोळात किंवा दवाखान्यात काम करून शिकलेल्या शहरी मुलालाही ही चाचणी खुली असावी. वशिलेबाजीची भीती खरी आहे, आणि म्हणूनच परीक्षक दुसऱ्या महाविद्यालयातून यावेत, जनावर चिठ्ठी टाकून ठरावे आणि संपूर्ण चाचणीचे चित्रीकरण जपून ठेवावे.

दुसरी विनंती लहान आहे. पशुवैद्यक प्रवेशाची शेवटची फेरी वैद्यकीय आणि आयुष प्रवेशांच्या फेऱ्या संपल्यानंतर घ्यावी, म्हणजे सोडून दिलेल्या जागा प्रतीक्षा यादीतील मुलांना मिळतील.

वगळलेली दोन प्रकरणे पशुवैद्यक प्रवेशापुरती तरी तपासली जावीत यासाठी आपण केंद्राकडे आणि पशुवैद्यक परिषदेकडे पाठपुरावा करावा. त्याला वेळ लागेल, हे मी जाणतो. प्रात्यक्षिक चाचणीचा निर्णय मात्र पुढील वर्षाची प्रवेश माहितीपुस्तिका निघण्यापूर्वी व्हावा, कारण आज अकरावीत असलेली मुले त्यानुसार तयारीला लागू शकतील.

आपला नम्र,
जीवशास्त्राचा एक शिक्षक,
लातूर जिल्हा