दिवे घालवणाऱ्या काकूंना

तीर्थस्वरूप काकूंना,
सादर नमस्कार.

निघताना तुमचे आभार मानायला गेलो, तर तुम्ही "मी काय केलं? दिवे घालवले, एवढंच," म्हणून विषय उडवून लावलात. समोरासमोर तुम्ही ऐकून घेणार नाही, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

तुमच्या गावी दोन दिवस राहायला खोली हवी म्हणून फोन केला तेव्हाच तुम्ही आम्हाला पंधरा दिवस पुढे ढकललंत. नवरा म्हणाला, खोली रिकामी नसेल, सरळ सांगायचं सोडून आढेवेढे घेताहेत. खरं कारण तिथे पोचल्यावर कळलं. आम्ही मागितलेला शनिवार पौर्णिमेच्या आसपासचा होता आणि तुम्ही दिलेला मार्गशीर्षातल्या अमावस्येला लागून. पाहुण्यांना चंद्र बघून तारीख देणारी घरमालकीण मी तरी दुसरी पाहिलेली नाही!

आलो ते दोघंही कावलेले होतो. एका घरात राहून आमचं बोलणं म्हणजे बिल भरलंस का, किल्ली कुठे ठेवलीस आणि उद्या उशीर होईल, एवढ्यावर आलं होतं. त्यात नवऱ्याने दोन दिवसांचं वेळापत्रक करून आणलेलं. तुम्ही ते चष्मा लावून नीट वाचलंत आणि विचारलंत, "हे सगळं दुपारपर्यंत उरकेल. गाव केवढं ते! रात्री काय करणार?" आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

मग गच्ची. तुम्ही आधी जिन्यातला दिवा घालवलात, मग कठड्यावरून हाक मारून शेजारच्यांना त्यांच्या ओसरीवरचा घालवायला लावलात. ते कुरकुरले नाहीत, म्हणजे त्यांना सवयीचंच असणार. तुमच्या हातात बॅटरी होती, तिच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दुहेरी घडी करून रबरबँडने बसवलेला. कडेला कागद जरासा फाटला होता आणि तिथून निसटणाऱ्या उजेडावर तुम्ही सारखा अंगठा ठेवत होतात. डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, तोवर फोन खिशातच, असा हुकूम सुटला. माझ्या नवऱ्याने थोड्याच वेळात किती वाजले बघायला फोन काढला, आणि तुमच्यातल्या शिक्षिकेचा आवाज आला, "झालं! आता पुन्हा पहिल्यापासून." अंधुक उजेडात आपण डोळ्यांतल्या ज्या दंडपेशींच्या जिवावर बघतो, त्यांतलं रंगद्रव्य लख्ख उजेडात विरतं आणि परत तयार व्हायला वेळ घेतं. लाल उजेड त्या पेशींना फारसा जाणवत नाही, म्हणून तो कागद. एवढं सांगून तुम्ही "अर्ध्या तासाने येते" म्हणालात आणि खाली निघून गेलात.

काकू, माझे आभार मुख्यतः त्या अर्ध्या तासाचे आहेत.

फोन नाही, उजेड नाही, उठून जावं तर कुठे जाणार. आधी थंडीबद्दल बोललो. मग काहीच नाही. मग नवरा एकदम म्हणाला की मिळते आहे ती बढती त्याला नको आहे. गावाबाहेर बदली होणार, दोघांनी दोन ठिकाणी राहायचं, हे त्याला जमणार नव्हतं, पण मला वाईट वाटेल म्हणून तो गप्प होता. आणि मी त्याला वाईट वाटेल म्हणून आनंद झाल्याचं दाखवत होते! अंधारात समोरच्याचं तोंड दिसत नाही, त्यामुळे चेहरा वाचत वाचत शब्द फिरवायची सोय नसते. घरी महिनाभर न झालेलं बोलणं तुमच्या सतरंजीवर झालं. तुम्ही मुद्दाम खाली गेलात की खरंच काही काम होतं, ते मी विचारणार नाही.

वर आलात तेव्हा व्याध उगवला होता. ताऱ्यांची ओळख करून द्यायची तुमची रीतही न्यारी. लग्नाला किती वर्षं झाली विचारलंत, मनाशी हिशेब केलात आणि व्याधाकडे बोट दाखवलंत. तो ८.६ प्रकाशवर्षांवर, म्हणजे डोळ्यांत शिरतोय तो उजेड साधारण आमच्या लग्नाच्या सुमारास निघालेला. स्वतःसाठी तुम्ही रोहिणी निवडलीत. ती सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर. "मी पाटीवर अक्षरं गिरवत होते तेव्हाचा हा," म्हणालात. देवयानी तारकासमूहातली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह, मात्र मला काही केल्या दिसेना. "तिच्याकडे बघूच नकोस, जरा बाजूला बघ," असं तुम्ही म्हणालात, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात तो धुरकट डाग उमटला. २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड! त्या वेळी आजच्यासारखा माणूस पृथ्वीवर नव्हताच. तुम्ही तोवर शेजारच्या ययाती तारकासमूहावर घसरला होतात. "एकीकडे देवयानी, एकीकडे शर्मिष्ठा. बिचाऱ्याला तोंड चुकवायला आकाशातसुद्धा जागा नाही." माझा नवरा जरा जास्तच मोठ्याने हसला, हे मी लक्षात ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकातलं काहीच केलं नाही. उशिरा उठलो, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आलो आणि परत झोपलो.

घरी आल्यावर नवऱ्याने शोधून काढलं की कृत्रिम उजेडाचा एक जागतिक नकाशा २०१६ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानुसार जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. आम्ही त्यांतलेच. आमच्या इमारतीतला दिवा खाली कमी आणि वर जास्त उजेड टाकतो. त्याला वरून झाकण बसवा, असा अर्ज आम्ही सोसायटीला दिला आहे. बघू. तुमच्या शेजाऱ्यांसारखे शेजारी सगळ्यांना मिळत नाहीत.

आता एक काम. चैत्रातल्या अमावस्येच्या सुमारास पहाटे वृश्चिकेच्या नांगीपाशी आकाशगंगा सगळ्यात दाट दिसते, असं तुम्ही म्हणाला होतात. त्या शनिवारसाठी वरची खोली आमच्या नावावर धरून ठेवा. तीनला दार वाजवा. नवरा "पाचच मिनिटं" म्हणेल, ऐकू नका. बॅटरीसाठी लाल कागद मी आणते आहे, तुमचा फाटलाय.

आपली,
वरच्या खोलीतली