देव बरें करूं, काका!

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

म्हापशाच्या आमच्या घरामागच्या डेकला, म्हणजे लाकडी ओट्याला, पालिकेचा परवाना मिळाला. "मी काय केलं त्यात?" म्हणून तुम्ही हात झटकणार, म्हणून आभार चारचौघांत मानतोय.

"मागच्या बाजूला कोण बघतंय? चार फळ्या ठोक नि मोकळा हो," असं सांगणारे पुष्कळ भेटले. तुम्ही निवृत्त ड्राफ्ट्समन. तुम्ही आधी फॉर्म डी, म्हणजे जागेची मिळकत पत्रिका, मागितलात. चलता नंबर (जागेचा सर्व्हे क्रमांक) जुळला, पी. टी. शीट (सर्व्हेच्या नकाशाचं पान) जुळलं, पण मालकाच्या रकान्यात अजून आजोबाच! झालं, डेक राहिला बाजूला आणि घराण्याची वंशावळ सुरू झाली. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, त्यामुळे सावंतवाडीच्या आत्याला वगळून पुढे जाता येईना. शिवाय इथल्या लग्नात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे आतोबांचीही सही आली.

आत्याला हे सांगायचं कुणी? सही मागितली की वाटा लाटायला निघालेत, असं तिला वाटलं असतं. फोन तुम्ही केलात. ना-हरकत म्हणजे हक्कसोड नव्हे, हे तिला न कंटाळता समजावलंत, मसुदा ओळ न् ओळ वाचून दाखवलात. "या माणसाला डेकवर पहिला चहा द्या," हे तिचं वाक्य. घरातले आम्ही सगळे मिळूनही तिचा एवढा विश्वास मिळवू शकलो नसतो.

वारसांची नावं लागल्यावर नकाशा. मला वर मंगळुरी कौलं हवी होती. तुम्ही पेन्सिलीने छप्परच खोडलंत: छप्पर आलं की कव्हरेजचा, म्हणजे बांधकामाने व्यापलेल्या जागेचा, हिशेब आला, आणि मागे सेटबॅकला, हद्दीपासून मोकळं सोडायला, जागा कुठाय? 2010 ची बांधकाम नियमावली तुम्हाला रामरक्षेसारखी पाठ. लाकडी खांब मातीत न रोवता चिऱ्याच्या जोत्यावर घ्यायला लावलेत, तेही बरं झालं. आमच्याकडे वाळवी पावसाचीही वाट बघत नाही. पुढे आधी पीडीए (नियोजन आणि विकास प्राधिकरण), मग पालिका. फाईल एकदाही परत आली नाही. ओळखीपाळखीचा एक शब्द कुठे टाकावा लागला नाही, याचं मला जास्त अप्रूप.

मानधनाचा विषय काढला की तुम्ही पावसावर बोलू लागता, म्हणून पाकीट काकूंकडे दिलंय. त्यांनी घेतलंसुद्धा!

आता काम संपल्यावर कम्प्लिशनचा, म्हणजे काम पुरं झाल्याच्या दाखल्याचा, अर्ज करायचाय. नकाशा घेऊन रविवारी येतो, पेन्सिल टोकदार ठेवा.

तुमचा,
मागच्या गल्लीतला शेजारी